लिफ्ट जिथे संपते: बर्फातली एक वाट आणि आपल्या घाटातल्या चार

(या एपिसोडचं हे लिखित रूप. बोलताना झालेले ‘अं’, ‘म्हणजे’ आणि मागे भुंकणारं कुत्रं काढून टाकलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

हेडफोन लावून कुणी बसमध्ये असाल, कुणी जिममध्ये, कुणी ऑफिसात मीटिंग चालू ठेवून गुपचूप ऐकत असाल.

मागच्या एपिसोडखाली एकाने विचारलं होतं, “दादा, तू हिवाळ्यात स्कीइंगला जातोस ना, मग तुझ्या आवडत्या बॅककंट्री ट्रेल्स सांग.” मी यादी करायला बसलो. आणि गंमत अशी झाली की पाच नावं लिहिली, त्यातली चार बुलढाणा जिल्ह्यातली निघाली. आता बुलढाण्यात बर्फ कुठला? आमच्याकडे बर्फ म्हणजे रसवंतीवरचा. पण तरीही यादी मी बदलली नाही. का, ते आज सांगतो. आणि शेवटची जी वाट आहे ना, ती सांगताना मला थोडं जड जाणार आहे. पण मुद्दा सगळा तिथेच आहे, त्यामुळे शेवटपर्यंत थांबा.

आधी बॅककंट्री म्हणजे काय ते बघू. साधं स्कीइंग कसं असतं? लिफ्टने वर जायचं, आखलेल्या उतारावरून खाली यायचं. तो उतार कुणीतरी दाबून सारखा केलेला असतो, कडेला जाळी असते, पडलात तर उचलायला माणसं असतात. बॅककंट्री म्हणजे ही सोय जिथे संपते, त्याच्या पलीकडचा डोंगर. तिथे लिफ्ट नाही, आखलेली वाट नाही, उचलायला कुणी नाही. स्कीच्या खाली केसाळ पट्टी चिकटवतात, तिला स्किन म्हणतात. ती पुढे सरकते पण मागे घसरत नाही. तिच्या जोरावर दोन-तीन तास चढायचं, वर पोहोचल्यावर पट्टी सोडवायची आणि मग दहा मिनिटांत खाली. तीन तास घाम, दहा मिनिटं मजा. आपल्याकडे लग्नाचं जेवण करायला आचारी रात्रभर राबतो आणि पंगत वीस मिनिटांत उठते, तसलाच हिशेब.

वाट पहिली: गुलमर्ग ते बाबा रेशी

मी आधी सोलंगला स्कीचा बेसिक कोर्स केला. पहिले चार दिवस फक्त पडलो. पडायचं कसं हेच शिकवतात आधी. पुढच्या हिवाळ्यांत गुलमर्गला गेलो.

गुलमर्गची गंडोला दोन टप्प्यांची आहे. पहिला टप्पा कोंगदूरीपर्यंत, दुसरा अफरवाट डोंगराच्या खांद्यापर्यंत, जवळजवळ 3,980 मीटर उंचीवर. जगभरातून लोक येतात ते या दुसऱ्या टप्प्यासाठी. कारण तिथे उतरून थोडं बाजूला गेलं की आखलेली हद्द संपते आणि खरा डोंगर सुरू होतो.

पण माझी आवडती वाट ती नाही. माझी आवडती वाट गुलमर्गहून खाली जंगलातून बाबा रेशींच्या जियारतीकडे उतरते. झाडं दाट, त्यांच्यामधून भुसभुशीत बर्फ, आणि आवाज म्हणजे फक्त आपल्या स्कीचा. शेवटी जंगल संपतं आणि एकदम दर्गा समोर येतो. माणसं नवस बोलायला आलेली, चहाचा वास, आणि आपण पायात ते लांबडं घेऊन उभे. मला पहिल्यांदा तिथे उभं राहून सैलानी बाबाची यात्राच आठवली. तिथून टॅक्सीत बसायचं आणि परत वर. स्की टपावर.

या वाटेवर जाण्याआधी आमच्या गाइडने पूर्ण एक दिवस आम्हाला कुठेच नेलं नाही. फक्त सराव. प्रत्येकाच्या छातीवर बीकन, म्हणजे सिग्नल देणारं यंत्र. पिशवीत प्रोब, म्हणजे बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी. आणि फावडं. एकाने बीकन बर्फात पुरायचा, बाकीच्यांनी शोधायचा, घड्याळ लावून. कारण हिमकडा कोसळून माणूस गाडला गेला, तर पहिल्या 15 मिनिटांत बाहेर काढलेल्यांतले बहुतेक वाचतात. त्यानंतर शक्यता झपाट्याने घसरते. म्हणजे मदत मागवायला वेळच नसतो. सोबत जे आहेत, तेच तुमची मदत.

हे नुसतं घाबरवायला सांगत नाहीये. 1 फेब्रुवारी 2023 ला अफरवाटवर हिमस्खलन झालं, पोलंडचे दोन स्कीअर गेले. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत पुन्हा झालं, एक रशियन गेला. अनुभवी माणसं होती.

गाइडने त्या दिवशी एक वाक्य सांगितलं होतं, हिंदीत, ते मी मराठीत सांगतो: नवीन डोंगर माणसाला सांभाळून चालायला लावतो, ओळखीचा डोंगर मारतो. मी मान हलवली. वहीत पण लिहून घेतलं. समजलं मात्र नव्हतं. ते कधी समजलं, ते पुढे येईल.

चला, आता घरी जाऊ.

घाटावर आणि घाटाखाली

जे बुलढाण्याचे नाहीत त्यांच्यासाठी थोडा भूगोल. आमचा जिल्हा उभा दोन मजली आहे. मधून अजिंठ्याची डोंगररांग जाते. वर बुलढाणा, चिखली, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, मेहकर, लोणार. खाली मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर. आमच्याकडे माणूस भेटला की पहिला प्रश्न, “घाटावरचे की घाटाखालचे?” भाषा बदलते, पाणी बदलतं, उन्हाळा तर बदलतोच. खाली मे महिन्यात तवा असतो, वर थोडा कमी तापलेला तवा. आणि एकदम उत्तरेला, संग्रामपूर-जळगाव जामोदच्या पलीकडे, सातपुडा. तिथे अंबाबरवा अभयारण्य आहे, मेळघाटच्या जंगलाला लागून.

मी घाटाखालचा. आजीचं माहेर घाटावरचं. हे लक्षात ठेवा, लागणार आहे.

वाट दुसरी: लोणारच्या काठावरून आत

लोणार तुम्हाला माहीत आहे, पण बहुतेक जण व्ह्यू पॉइंटवर सेल्फी काढून परत जातात. मला आवडतं ते काठावरून चालणं आणि मग खाली उतरणं.

विवराचा व्यास साधारण 1.8 किलोमीटर. म्हणजे पाय गुणिले व्यास, काठाचा घेर साडेपाच-पावणेसहा किलोमीटर होतो. इंजिनिअरिंगचा एवढाच उपयोग झाला म्हणा. उल्का आदळून बेसॉल्टमध्ये, म्हणजे आपल्या काळ्या कातळात, झालेलं हे विवर. असं चांगलं टिकलेलं बेसॉल्टमधलं विवर जगात फारच दुर्मीळ, म्हणून चंद्रावरच्या खड्ड्यांचा अभ्यास करणारे इथे येतात. वयाबद्दल शास्त्रज्ञांत वाद आहे. एका पद्धतीने पन्नासेक हजार वर्षं येतात, दुसऱ्या पद्धतीने साडेपाच लाखांच्या वर. दहापट फरक! माझ्या मॅनेजरचं एस्टिमेट पण इतकं चुकत नाही.

खाली उतरताना धारेजवळून जायचं. गोमुखातून बारा महिने गोडं पाणी पडतं. आणि खाली सरोवराचं पाणी मात्र खारट आणि क्षारयुक्त, पीएच दहाच्या आसपास. एकाच खड्ड्यात दोन पाणी. खाली जंगल आहे, मोर आहेत, जुनी देवळं आहेत, काठावर कमळजा देवीचं मंदिर आहे. 2020 च्या जूनमध्ये लॉकडाऊनमध्ये हे पाणी गुलाबी झालं होतं, आठवतं? व्हॉट्सअॅपवर काय काय थिअऱ्या फिरल्या. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासलं, तर पाणी आटून क्षार वाढल्यामुळे वाढलेल्या, खारट पाण्यात राहणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारला रामसर दर्जा मिळाला, महाराष्ट्रात नांदूर मधमेश्वरनंतर दुसरा.

आता या वाटेची खोच ऐका. नेहमीच्या डोंगरात आधी चढ असतो, मग उतार. दमलात तर परत फिरणं सोपं. लोणारला उलटं आहे. आधी उतार. सगळे हसत, रील काढत खाली जातात. चढ शेवटी, दमल्यावर, ऊन चढल्यावर. काठापासून खालपर्यंत साधारण 137 मीटर. म्हणजे पंचेचाळीस मजल्यांच्या बिल्डिंगचा जिना, आणि तोही एका वाटीच्या आतून, जिथे वारा कमी. म्हणून लोणारचा नियम सोपा आहे: पाणी निम्मं उरलेलं असताना वर निघायचं. सकाळी लवकर जा. आणि हे अभयारण्य आहे. नोंद करा, नेमलेल्या वाटेवर राहा, सोबत वाटाड्या घ्या. त्याच्याशिवाय निम्मी देवळं तुम्हाला दिसणारही नाहीत.

वाट तिसरी: जिथे पाणी ठरवतं कुठे जायचं

ही वाट म्हणजे खरं तर एक माथा आहे. बुलढाण्याच्या पश्चिमेकडे, मढ गावाकडे, जिथे पैनगंगा उगम पावते. बुधनेश्वरला.

पहिल्यांदा गेलो तेव्हा निराश झालो होतो. नदीचा उगम म्हटल्यावर डोक्यात गोमुख, गंगोत्री. इथे शांत जागा, देऊळ, पाणी. पण मग माथ्यावर चढून उभा राहिलो आणि फोनमध्ये नकाशा उघडला.

विचार करा. तुम्ही त्या कड्यावर उभे आहात आणि पाऊस आला. तुमच्या दक्षिणेकडे पडलेला थेंब पैनगंगेत जाणार. मेहकरवरून पुढे विदर्भ-मराठवाड्याची सीमा करत, वर्धेला मिळून, प्राणहितेतून गोदावरीत, आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. तुमच्या उत्तरेकडे, हातभर अंतरावर पडलेला थेंब घाट उतरून पूर्णेत जाणार, पूर्णा चांगदेवला तापीत मिळणार, तापी सुरतेजवळ अरबी समुद्रात. दोन थेंब, मध्ये एक छत्री उघडण्याएवढं अंतर, आणि शेवटी मध्ये अख्खा देश.

जायची वेळ म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबर. गवत कमरेएवढं, सोनकी-तेरड्यासारखी फुलं, आणि ढग खाली मोताळ्याकडे लोळतायत. फक्त मोजे गुडघ्यापर्यंतचे घाला. कुसळं एकदा मोज्यात शिरली की संध्याकाळ ती काढण्यात जाते. आणि कड्याच्या टोकावर उभं राहून सेल्फी नाही. पावसाळ्यात काठची माती आतून सुटलेली असते, वरून गवत सारखंच दिसतं. स्कीवाले याला कॉर्निस म्हणतात. कड्याच्या टोकाला वाऱ्याने बर्फाचं छज्जं तयार होतं, वरून जमीन वाटते आणि खाली हवा असते. आपल्याकडे बर्फाऐवजी गवत, एवढाच फरक.

वाट चौथी: जी पायी चालायची नाही

बुलढाणा-खामगाव रस्त्यावर बोथ्याचा घाट लागतो. आजूबाजूला ज्ञानगंगा अभयारण्य, साधारण 205 चौरस किलोमीटर. साग, सालई, धावडा, अंजन, मोह. बिबटे, अस्वलं, तडस, नीलगाई. मध्ये पलढगचं पाणी. हे जंगल माझं लाडकं, आणि इथे मी पायी भटकत नाही. परवानगी काढून, गाडीतून, गाइडसोबत. 1972 च्या कायद्याप्रमाणे अभयारण्यात विनापरवाना शिरणं गुन्हा आहे, पण मी त्या भीतीने नाही थांबत. मी अस्वलाला भितो. बिबट्या तुम्हाला बघून बाजूला होतो. अस्वल दचकतं, आणि दचकलेलं अस्वल अंगावर येतं. मोहाची फुलं पडायच्या दिवसांत, पहाटे, तर नकोच.

पण या जंगलाची एक वाट आहे जी एकाने चालून दाखवली. तोही बाहेरचाच. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरचा एक तरुण वाघ. कागदोपत्री नाव टी-वन-सी-वन, लोकांनी ठेवलेलं नाव वॉकर. 2019 च्या फेब्रुवारीत त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर घातली. पावसाळ्याच्या तोंडाला तो घर सोडून निघाला. नवं घर, जोडीदार, शिकार शोधत. तेलंगणात गेला, परत आला, शेतांमधून, नाल्यांमधून, हायवे ओलांडून, बहुतेक रात्रीचा चालत. डिसेंबरमध्ये ज्ञानगंगेत पोहोचला तेव्हा तेराशे किलोमीटर झाले होते. पुढे 2020 च्या एप्रिलमध्ये कॉलर काढली तोपर्यंत एकूण अंतर तीन हजारांच्या वर गेलं होतं. भारतात तोवर नोंदलेला हा सगळ्यात लांबचा वाघाचा प्रवास.

मला यात काय आवडतं सांगू? तो दिवसा थांबायचा. माणसं, ऊन, गाड्या, सगळं चालू असताना झुडपात पडून राहायचा, आणि वेळ योग्य झाली की निघायचा. त्याला कुठे पोहोचायचं हे माहीत नव्हतं, पण कधी थांबायचं हे माहीत होतं. आणि ज्ञानगंगेत त्याला पाणी मिळालं, शिकार मिळाली, वाघीण मात्र नव्हती. एवढं चालून एकटाच. पुण्यात फ्लॅट शोधणाऱ्या बॅचलरला हे दुःख समजेल.

वाट पाचवी: आजीची

आता ती जड वाट.

हिचं नाव आणि ठिकाण मी मुद्दाम सांगत नाहीये. अभयारण्याच्या हद्दीबाहेरची, घाटाखालून घाटावर जाणारी एक जुनी पायवाट आहे. रस्ते झाले, एसट्या आल्या, त्याआधी लोक याच वाटेने बाजाराला जायचे. माझी आजी लग्न होऊन खाली आली, आणि माहेरी जायची ती याच वाटेने. डोक्यावर गाठोडं, कडेवर माझे वडील. मी लहानपणापासून या वाटेने वीस-पंचवीस वेळा गेलो असेन. कुठे उंबर आहे, कुठे झिरा आहे, कुठे दगड हलतो, सगळं पाठ.

दोन वर्षांपूर्वी, एप्रिल महिना. घरात लग्न होतं. हळदीच्या दुसऱ्या दिवशी माझ्या मावसभावाने हट्ट धरला, “दादा, तू सगळ्यांना हिमालयाचे व्हिडिओ दाखवतोस, आम्हाला निदान आपला घाट तर दाखव.” तो एकोणीस वर्षांचा. सोबत त्याचा एक मित्र. निघायचं होतं सहाला, रात्रीच्या नाचामुळे उठलो आठला, पोहे-चहा करत निघालो साडेनऊला. तिघांत तीन लिटर पाणी. मी म्हटलं, बस झालं, मध्ये झिरा आहे ना.

बघा आता. हाच मी, गुलमर्गला उतारावर पाऊल टाकण्याआधी हवामान बघतो, उताराचा कोन मोजतो, मागे फिरायची वेळ ठरवतो. इथे मी तापमान पण बघितलं नाही. मावशी म्हणाली सुद्धा, “अरे, इतक्या उन्हाचं?” मी हसून म्हटलं, “मावशी, हा काय हिमालय आहे का?”

जंगल मी सप्टेंबरात पाहिलेलं असतं, ते सावलीचं. एप्रिलमध्ये साग पूर्ण निष्पर्ण. म्हणजे झाडंच झाडं आणि सावली शून्य. काळा कातळ खालून भाजतो. खाली पडलेली सागाची वाळकी पानं पायाखालून सटकतात, त्यामुळे दुप्पट मेहनत. झिऱ्यापाशी पोहोचलो तर तिथे कोरडी वाळू. हाताने उकरली, ओल लागली, पाणी नाही. पाणी तिघांत मिळून पाऊण लिटर उरलेलं. अकरा वाजून गेले होते.

इथे परत फिरायला हवं होतं. मी म्हटलं, “अर्ध्याच्या वर आलोय, वर गाव आहे, वर जाऊ.”

अर्ध्या तासाने मावसभाऊ बडबडायला लागला. आधी मला वाटलं मस्करी करतोय. मग तो त्याच्या मित्राला वेगळ्याच नावाने हाक मारायला लागला. मग एका दगडावर बसला आणि उठेना. हात लावला तर अंग भट्टीसारखं गरम. मोबाइलला रेंज नाही. माझं तीस हजारांचं बीकन पुण्यात कपाटात होतं. वीस रुपयांचं ओआरएसचं पाकीट माझ्याकडे नव्हतं.

मी ओरडलो. नुसता ओरडलो. आणि खरं सांगतो, त्या दिवशी आमचं नशीब होतं म्हणून एक ढोरकी बाबा तिकडे ढोरं घेऊन होते. खांद्यावर घोंगडं, हातात पाच लिटरचा तेलाचा कॅन, पाण्याने भरलेला. येऊन बघितलं आणि पहिलं वाक्य काय म्हणाले, “आरे पोट्टेहो, या उनात कायले फिरून राह्यले?” मला उत्तर देता आलं नाही.

त्यांनीच सगळं केलं. आम्ही तिघांनी त्याला उचलून नाल्यातल्या उंबराखाली नेलं, अख्ख्या डोंगरात तीच एक हिरवी सावली होती. शर्ट काढला. घोंगडं नाही, त्यांचा पातळ गमछा भिजवून मानेवर, काखेत, छातीवर. दुसऱ्या पोराला म्हणाले, वारा घाल. मी पाणी पाजायला गेलो तर माझा हात धरला, “शुद्धीत येऊ दे नीट, नाहीतर ठसका लागन.” वीस-पंचवीस मिनिटांनी तो माझ्या नावाने मला हाक मारायला लागला. मग बाबांनी दाखवलेल्या जवळच्या वाटेने, त्याला दोन्हीकडून धरून, थांबत-थांबत खाली. रस्त्यावर एका मोटरसायकलवाल्याने नेलं दवाखान्यात. सलाईन, दोन दिवस निगराणी. वाचला. डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा तास उशीर झाला असता तर वेगळं बोललो असतो.

मावशी मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

ओळखीचा डोंगर

त्या रात्री झोप लागली नाही आणि मी मोबाइलवर वाचत बसलो. इयन मॅकॅमन नावाचे अमेरिकी संशोधक आहेत. त्यांनी अमेरिकेतल्या 715 हिमस्खलन अपघातांचा अभ्यास केला. प्रश्न असा, की ज्यांना धोका माहीत होता, ज्यांनी ट्रेनिंग घेतलं होतं, ती माणसं तरी का अडकली? त्यांनी काही सापळे दाखवले. बर्फातले नाही, डोक्यातले.

एक सापळा म्हणजे ओळख. ट्रेनिंग घेतलेले लोक अनोळखी जागी खरंच सांभाळून वागत होते. पण ओळखीच्या जागी गेले, की त्यांचं शिक्षण जणू गळून पडत होतं, आणि ते जवळजवळ न शिकलेल्यांइतकाच धोका पत्करत होते. दुसरा, एकदा ठरवलंय ना, मग पूर्ण करायचंच. तिसरा, ‘दादाला माहितीये’, म्हणजे ग्रुपमधल्या एकाला सगळे तज्ज्ञ मानतात आणि प्रश्न विचारणं थांबवतात. चौथा, कुणावर तरी छाप पाडायची असते.

मी वाचत होतो आणि एकेकावर टिक करत होतो. चारही. गाइडचं ते वहीतलं वाक्य त्या रात्री समजलं.

आणि हे फक्त डोंगराचं नाही हो. मी सॉफ्टवेअरवाला आहे. सगळ्यात वाईट घोळ मी कधी घातलाय? नवीन सिस्टिममध्ये नाही. स्वतः लिहिलेल्या, तीन वर्षं ओळखीच्या कोडमध्ये. “यात काय टेस्ट करायचं, मीच लिहिलंय की.” गाडीचे अपघात बघा, घराजवळच्या रस्त्यावर हेल्मेट कोण घालतं?

आता मी काय करतो

भाषण नाही देणार. मी करतो तेवढं सांगतो.

एक. मागे फिरायची वेळ घरातून निघताना ठरवतो, आणि ती घरी सांगून निघतो. मार्च ते जून, उन्हाच्या दिवसांत, दहा म्हणजे दहा. कुठेही असलो तरी तोंड घराकडे. वाटेत ठरवायचं नाही, कारण वाटेत आपलं डोकं आपलं नसतं.

दोन. माणशी तीन लिटर, आणि वाटेतलं पाणी हिशेबात शून्य. मिळालं तर बोनस.

तीन. ओआरएस, एक सुती पंचा, शिट्टी. तिन्ही मिळून शंभर रुपये होत नाहीत. आणि ही खूण पाठ करा: उन्हात माणूस दमला, चक्कर आली, घाम येतोय, तर सावली, पाणी, आराम. पण तो असंबद्ध बोलायला लागला, किंवा अंग तापून शुद्ध हरपायला लागली, तर तो उष्माघात. आधी थंड करा, ओलं करा, वारा घाला, आणि त्याच वेळी 108 ला फोन लावा. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका.

चार. ग्रुपमधल्या सगळ्यात लहान माणसाने ‘नको’ म्हटलं तर नको. कारण विचारायचं नाही. हा नियम आम्ही आता लग्नाच्या खरेदीला पण लावतो.

पाच. वर जाण्याआधी त्या डोंगरात रोज जाणाऱ्या माणसाला विचारायचं. गुलमर्गला मी गाइडला हजारो रुपये देऊन विचारतो, आणि घरच्या डोंगराच्या गाइडला ‘रामराम बाबा’ म्हणून पुढे जातो, हे आता बंद.

मागच्या ऑक्टोबरात आम्ही परत गेलो आजीच्या वाटेने. मी, मावसभाऊ आणि तो मित्र. मीच विचारलं नव्हतं, त्यानेच विचारलं. पहाटे साडेपाचला निघालो. मावशीने दारातून फक्त एवढंच विचारलं, “किती वाजता फिरणार?” मी म्हटलं, “दहा.” म्हणाली, “मी घड्याळ बघतेय.” झिरा भरलेला होता. आम्ही त्यातलं पाणी प्यायलो नाही, बाटल्या भरलेल्या होत्या, फक्त तोंड धुतलं. त्या बाबांसाठी गूळ-शेंगदाणे आणि एक नवा गमछा नेला होता. त्यांनी गमछा उलटापालटा करून बघितला आणि म्हणाले, “जुना हाय अजून मायापाशी.” मग ठेवून घेतला.

पावणेदहाला माथा समोर दिसत होता. अजून वीस मिनिटं लागली असती. मावसभाऊ म्हणाला, “दादा, दिसतोय की.” मग त्यानेच घड्याळ बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता पाठ फिरवली. ऑक्टोबर होता, ऊन फार नव्हतं, गेलो असतो तरी चाललं असतं. पण आम्ही नाही गेलो. माथा तिथेच आहे.

तर मंडळी, तुमच्या गावाजवळची एखादी ओळखीची वाट असेल, टेकडी, घाट, पांदण, काहीही, तिच्याबद्दल मला सांगा. आणि पुढच्या वेळी तिथे जाताना एकदा असं समजून जा, की पहिल्यांदाच चाललोय. पाणी घ्या. घरी वेळ सांगा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या.